खोकला-अ‍ॅलर्जीची मिश्र औषधं : बाटलीत काय काय आहे ते वाचताय ना?

पारिजातक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी फार्मासिस्ट आहे. सर्दी-खोकल्याचं औषध मागायला येणाऱ्यांतले बरेच जण एकच वाक्य बोलतात, "साधंच काहीतरी द्या." हे साधं औषध बहुतेक वेळा साधं नसतं. एकाच गोळीत किंवा बाटलीत दोन, तीन, कधी चार औषधं असतात. प्रत्येकाचं काम वेगळं, त्रास वेगळा आणि ते कुणाला चालत नाही तेही वेगळं. त्यावर सविस्तर बोलावं म्हणून हा धागा.

बाटलीमागच्या बारीक अक्षरांत साधारण ही नावं दिसतात. क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन ही जुन्या पिढीतली अँटिहिस्टामाइन्स. शिंका, नाकातून वाहणारं पाणी आणि खाज यांवर ती चालतात, पण झोप आणतात आणि तोंड कोरडं पाडतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फन कोरडा खोकला दाबतं. ग्वायफेनेसिन, ब्रोमहेक्सिन, अँब्रॉक्सॉल ही कफ सुटावा म्हणून घातलेली असतात. फिनाइलेफ्रिन आणि स्यूडोएफेड्रिन रक्तवाहिन्या आकसवून चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी. टर्ब्युटालिन, साल्ब्युटामॉल श्वासनलिका रुंदावतात, त्यांनी छातीत धडधडतं आणि हात थरथरतात. सर्दीच्या गोळ्यांत बहुधा पॅरासिटामॉलही असतं.

माझा आग्रह एकच आहे. जो त्रास होतोय त्याचंच औषध घ्या. नुसत्या शिंका येत असतील तर खोकला दाबणारं औषध पोटात का जावं? ताप नसताना पॅरासिटामॉल कशाला? आणि छातीत कफ भरलेला असताना खोकला दाबला तर तो कफ बाहेर पडणार कसा? कफ सैल करणारं आणि खोकला दाबणारं, दोन्ही एकाच बाटलीत असलेली औषधंही मिळतात. मला ती जोडी कधीच पटलेली नाही.

दुसरं असं की दोन वेगळ्या नावांच्या औषधांत आत एकच घटक असू शकतो. वरचं नाव वेगळं म्हणून माणूस दोन्ही घेतो आणि मात्रा दुप्पट होते. आपापले प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.


उंबरठा

चांगला धागा, ताई. आमच्याकडे नुकतंच घडलेलं लिहितो. वडील ७८ वर्षांचे. बीपीची गोळी चालू आहे, प्रोस्टेटचा त्रास जुना आहे. खोकला आणि नाक गळत होतं म्हणून रात्रीची सर्दीची गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी लघवी पूर्ण अडकली, नळी घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, सर्दीच्या गोळीने झालं. असं खरंच होतं? आणि खोकला अजून आहेच, महिना होऊन गेला. आता काय द्यायचं?


पारिजातक

उंबरठा, हो, होतं. जुनी अँटिहिस्टामाइन्स मूत्राशयाचं आकुंचन मंद करतात. त्यात फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असेल तर ते मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळतं. प्रोस्टेट आधीच वाढलेली असेल तर दोन्हींकडून कोंडी होते. काचबिंदूचा अरुंद कोनाचा प्रकार असेल तर या औषधांनी डोळ्यातला दाब एकदम चढू शकतो. वयस्कर माणसांत याशिवाय गोंधळल्यासारखं होणं, तोल जाऊन पडणं, बद्धकोष्ठ हेही दिसतं. रात्री गोळी घेतली आणि पहाटे बाथरूमला जाताना पडले, असं झालं की घरच्यांना ते वयामुळे वाटतं, गोळीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

बीपीसाठीही नाक मोकळं करणाऱ्या या गोळ्या चांगल्या नाहीत. बीपी खूप चढं असेल किंवा आटोक्यात नसेल, किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल, तर स्यूडोएफेड्रिन घेऊच नये अशी सूचना युरोपच्या औषध नियामकांनी २०२४ मध्ये दिली आहे.

नाकासाठी मिठाच्या पाण्याचा फवारा वापरा, तो कुणालाही चालतो. पण महिनाभराच्या खोकल्याचं काउंटरवरून उत्तर देणं योग्य नाही.


शेवंती

मी फिजिशियन आहे. उंबरठा, वडिलांची बीपीची गोळी कोणती ते पाहून सांगाल का? खोकला कोरडा आहे का, घशात खवखवून ढास लागल्यासारखा?


उंबरठा

रामिप्रिल. खोकला कोरडाच आहे, रात्री जास्त. ही गोळी चार-पाच महिन्यांपूर्वी बदलून दिली होती.


शेवंती

मग या गोळीचा संशय घ्यायलाच हवा. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो. तो गोळी सुरू केल्यावर काही दिवसांत येतो किंवा काही महिन्यांनीही येतो, म्हणून दोन्हींचा संबंध सहज लक्षात येत नाही. खोकल्याच्या बाटलीने तो जात नाही. एकामागून एक बाटल्या बदलल्या जातात, आणि त्यातल्याच एखाद्या मिश्रणाने लघवी अडकण्यासारखं काहीतरी होतं.

मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. बीपी उसळलं तर ते खोकल्यापेक्षा फार वाईट. वडिलांच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा, छातीही तपासून घ्या. दुसऱ्या गटातली गोळी देता येते. या गोळीनेच खोकला असेल तर ती बदलल्यावर तो साधारण एक ते चार आठवड्यांत थांबतो, क्वचित जास्त वेळ घेतो.


रानजाई

माझा मुलगा ३ वर्षांचा आहे. दर महिन्याला सर्दी. घरात मोठ्यांचं सिरप असतं, सासूबाई म्हणतात त्यातलंच अर्धा चमचा दे. त्या प्रेमानेच सांगतात, पण मला भीती वाटते. देऊ का?


पारिजातक

रानजाई, देऊ नका. यात अजिबात संकोच ठेवू नका.

लहान मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे. मात्रा नुसती अर्धी करून भागत नाही. अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना दुकानातून थेट मिळणारी सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत असं स्पष्ट सांगितलं, आणि तिथल्या उत्पादकांनी वेष्टनावर चार वर्षांखाली नको असं छापायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये २००९ पासून ही मर्यादा सहा वर्षांची आहे. कारण असं की या वयात ही औषधं उपयोगी पडतात याचा चांगला पुरावा नाही. धोका मात्र खरा आहे : गुंगी, झटके, हृदयाचे ठोके वाढणं, श्वास मंदावणं.

कोडीन असलेलं सिरप तर मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवूसुद्धा नका. कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं, आणि काही जणांत जन्मतःच ते फार वेगाने होतं. कुणाचं तसं होईल हे बाहेरून पाहून कळत नाही. १२ वर्षांखाली ते वर्ज्य आहे, आणि अमेरिकेत २०१८ पासून अफूवर्गातली खोकल्याची औषधं १८ वर्षांखाली द्यायची नाहीत असा नियम आहे.

मग करायचं काय? नाकात सलाइनचे थेंब, भरपूर पातळ पदार्थ, झोपताना थोडा मध. मध एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलालाच. त्याआधी बिलकुल नाही, बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. मूल वेगाने श्वास घेत असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, पाणी पीत नसेल, फार मलूल असेल तर तडक डॉक्टरकडे.

सासूबाईंना हे वाचून दाखवा. त्यांना नातवाची काळजी आहे म्हणूनच त्या सांगताहेत, त्यामुळे त्या ऐकतील.


जुनापार

आमच्या वेळी सगळ्या पोरांना हेच सिरप पाजायचे. प्रवासाला निघताना मूल शांत झोपावं म्हणूनही देत. कुणाला काही झाल्याचं आठवत नाही. इतकं घाबरवण्याची गरज आहे का?


शेवंती

काका, बहुतेकांना काही झालं नाही हे खरं आहे. ज्यांना झालं त्यांच्या घरी मात्र ते सर्दीचं औषध होतं हे कुणाला सुचलंही नसेल. झोपवण्यासाठी अँटिहिस्टामाइन देणं ही सवय मी पालकांना आवर्जून सोडायला सांगते. काही मुलांत ते उलटं काम करतं, मूल झोपण्याऐवजी चवताळल्यासारखं होतं. मग पालक "लागू पडलं नाही" म्हणून आणखी एक चमचा देतात. धोका तिथे सुरू होतो. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते. जे आपोआप बरं होणार आहे त्यासाठी इतकासाही धोका पत्करू नये, असं मला मनापासून वाटतं.


रानजाई

दोघींचे आभार. चमच्याबद्दल एक विचारायचं होतं. मोठ्यांसाठी तरी घरातला चमचा चालतो का?


पारिजातक

नाही. औषधाच्या भाषेत एक चमचा म्हणजे ५ मिलि, आणि घरातल्या चमच्यांत कमी-जास्त काहीही मावतं. बाटलीबरोबर आलेलं मापाचं झाकण वापरा किंवा तोंडाने द्यायची सिरिंज. बाटली हलवून घ्या, नाहीतर वरचं पातळ मिळतं आणि तळाला घट्ट राहतं. आणि "थोडं जास्त घेतलं की लवकर बरं वाटेल" हा हिशेब या औषधांत चुकतो.


मोरपीस

मला नैराश्यासाठी सेर्ट्रालिन चालू आहे. परवा दुकानात खोकल्याचं सिरप मागितलं, कुणी काही विचारलं नाही. घरी येऊन पाहिलं तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन. अजून उघडलेलं नाही. घ्यावं का?


पारिजातक

मोरपीस, उघडलं नाहीत हे उत्तम झालं. डेक्स्ट्रोमेथॉर्फन शरीरातलं सेरोटोनिन (मज्जासंस्थेत निरोप पोचवणारं रसायन) वाढवतं, सेर्ट्रालिनचंही तेच काम. दोन्ही मिळून सेरोटोनिन प्रमाणाबाहेर जाऊ शकतं. नेहमीच्या मात्रेत प्रत्येकाला तसं होत नाही, पण ज्याला होतं त्याला अस्वस्थपणा, दरदरून घाम, थरथर, जुलाब, स्नायू आखडणं, ताप आणि पुढे झटकेही येऊ शकतात. फ्लुओक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन ही नैराश्याचीच औषधं तर एक पाऊल पुढे आहेत. यकृतातलं जे एन्झाइम डेक्स्ट्रोमेथॉर्फनचा निचरा करतं तेच ती अडवतात, त्यामुळे ते रक्तात साचत जातं.

एमएओ इनहिबिटर गटातल्या (नैराश्य आणि पार्किन्सनसाठी दिल्या जाणाऱ्या काही) गोळ्यांबरोबर तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन पूर्ण वर्ज्य, गोळी थांबवल्यानंतरही १४ दिवस. पार्किन्सनसाठी सेलेजिलिन किंवा रासाजिलिन घेणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. लिनेझोलिड हे प्रतिजैविकही तशाच स्वभावाचं आहे, आणि प्रतिजैविकाकडे त्या नजरेने सहसा कुणी पाहत नाही.

खोकल्यासाठी तुम्हाला काय चालेल ते तुमच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन करून विचारा. सेर्ट्रालिन मात्र थांबवू नका.

आणि एक विनंती. मानसिक आजाराची गोळी चालू आहे हे काउंटरवर सांगायला अनेकांना जड जातं. गर्दी असते, ओळखीचं कुणी उभं असतं. मोठ्याने सांगू नका हवं तर, कागदावर लिहून पुढे करा. पण सांगा.


मोरपीस

खूप बरं वाटलं वाचून. कागदाचा उपाय मी नक्की करीन. सिरप परत करते.


गवतफुला

पॅरासिटामॉलचा हिशेब कुणीतरी नीट समजावेल का? डोकं दुखलं की ६५० ची गोळी घेते, सर्दी झाली की सर्दीची. दोन्ही एकाच दिवशी चालतं?


शेवंती

गवतफुला, हिशेब मांडूनच दाखवते. निरोगी मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४,००० मिग्रॅ, म्हणजे ४ ग्रॅम. समजा ६५० ची गोळी दिवसातून चार वेळा घेतली, झाले २,६०० मिग्रॅ. सर्दीच्या गोळीत ५०० मिग्रॅ आहे आणि तीही चार वेळा घेतली, तर आणखी २,०००. एकूण ४,६००. दोन्ही गोळ्या आपापल्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच घेतल्या, तरी मर्यादा ओलांडली गेली. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल, रोज मद्यपान असेल, किंवा आजारपणात दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नसेल तर मर्यादा याहूनही खाली येते.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की जास्त मात्रा झाल्यावर पहिल्या २४ तासांत फारसं काही जाणवत नाही. थोडी मळमळ, बस. यकृताचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होतं. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगलं काम करतो. म्हणून चुकून जास्त गेलं असं लक्षात आलं तर त्रास व्हायची वाट पाहू नका, पाकिटं हातात घेऊन रुग्णालय गाठा.


गवतफुला

हा हिशेब मी कधी केलाच नव्हता. पाकीट काढून बघते आता.


रातवा

मी रात्रपाळीत गाडी चालवतो. धुळीची अ‍ॅलर्जी आहे. झोप न येणारी गोळी कोणती?


पारिजातक

रातवा, फेक्सोफेनाडिन किंवा लोराटाडिन यांनी झोप येण्याची शक्यता कमी. सेटिरिझिन नव्या पिढीतलं आहे, तरी काही जणांना त्याने चांगलीच झापड येते, लेव्होसेटिरिझिननेही. त्यामुळे कुठलीही नवी गोळी पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहा. क्लोरफेनिरामाइन असलेली मिश्र गोळी तुमच्यासाठी नाहीच. ते रक्तातून अर्धं कमी व्हायलाच मोठ्या माणसात सुमारे २० तास लागतात. आदल्या रात्रीच्या गोळीचा अंमल दुसऱ्या दिवशीही उरतो, आणि झोप आल्यासारखं वाटत नसलं तरी ब्रेकवर पाय पोचायला उशीर होतो. मद्य, झोपेची गोळी यांच्यासोबत तर हे सगळं वाढतं.

फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर घ्या. फळांच्या रसाने ते अंगी कमी लागतं. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची ॲसिडिटीची औषधंही त्याच्या आगेमागे लगेच नकोत.

अ‍ॅलर्जी कायमची असेल तर डॉक्टरांना नाकात मारायच्या स्टेरॉइड फवाऱ्याबद्दल विचारा. फ्लुटिकासोन, मोमेटासोन अशी नावं आहेत. स्टेरॉइड म्हटलं की लोक दचकतात, पण हे नाकापुरतं राहतं, अंगात फार थोडं जातं. नाक चोंदण्यावर ते गोळीपेक्षा चांगलं काम करतं. गुण यायला काही दिवस लागतात, दोन दिवसांत सोडून देऊ नका.


पिंपळपान

फिनाइलेफ्रिनचा उपयोगच नाही असं वाचलं होतं. खरं का?


पारिजातक

तोंडाने घेतलेल्या फिनाइलेफ्रिनबद्दल ते खरं आहे. बरंचसं औषध आतड्याच्या भिंतीतच निकामी होतं, रक्तात फार थोडं पोचतं. सप्टेंबर २०२३ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं की नेहमीच्या मात्रेत ते चोंदलेलं नाक मोकळं करत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ते मान्य घटकांच्या यादीतून काढण्याचा प्रस्ताव आला. तरी सर्दीच्या गोळ्यांत ते आजही आढळतं.

नाकात थेट टाकायचे थेंब काम करतात. पण झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन तीन ते पाच दिवसांच्या वर वापरू नका. नंतर थेंब थांबवले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि त्या बाटलीशिवाय राहवत नाही.


उंबरठा

कळवायचं राहिलं होतं. वडिलांची बीपीची गोळी बदलली, छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. खोकला हळूहळू कमी होत तिसऱ्या आठवड्यात थांबला. शेवंतीताई, तुम्ही ते नाव विचारलं नसतं तर आम्ही अजून सिरपच बदलत बसलो असतो. मनापासून आभार.


शेवंती

फार आनंद झाला. नळी निघाली ना? त्यांच्या कागदपत्रांवर पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवा : जुन्या पिढीतली अँटिहिस्टामाइन्स आणि नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या नकोत. पुढच्या वेळी तुम्ही सोबत नसलात तरी ते वाचलं जाईल.


उंबरठा

निघाली. लिहून ठेवतो.


सोनसळी

सिरपमध्ये विषारी द्रव मिसळल्याच्या बातम्या येतात. त्या ऐकल्यापासून बाटली हातात घ्यायची भीती वाटते. घरी ओळखता येतं का?


पारिजातक

घरी ओळखता येत नाही, सोनसळी. तो विषारी द्रव म्हणजे बहुधा डायइथिलीन ग्लायकॉल. त्याला रंग नाही, वास जवळजवळ नाही आणि चव गोडसर. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुसंसर्गावरच्या औषधाच्या द्रवात हेच वापरलं गेलं आणि शंभराहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर १९३८ मध्ये तिथे औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवणं कायद्याने बंधनकारक झालं. इतकी वर्षं उलटून २०२२ मध्ये गांबियातली लहान मुलं दूषित सिरपने गेली आणि त्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेला जगभर इशारा द्यावा लागला. हे लिहितानाही त्रास होतो. ही जबाबदारी बनवणाऱ्यांची आणि तपासणाऱ्यांची आहे, आईबापांची नाही.

आपल्या हातात एवढंच की मुलाला गरज नसलेलं सिरप पाजायचं नाही. जे घ्याल ते सीलबंद घ्या आणि बॅच क्रमांकाचं लेबल व बिल जपून ठेवा. सिरप दिल्यावर मुलाची लघवी कमी झाली किंवा बंद झाली, उलट्या होऊ लागल्या, मूल सुस्त पडलं, तर लगेच रुग्णालयात न्या. बाटली सोबत न्या, फेकू नका.


गोकर्ण

मुलीला सेटिरिझिनबरोबरचं माँटेलुकास्ट दिलं आहे. रात्री दचकून उठते, स्वप्नं पडतात म्हणते. याचा संबंध असू शकतो?


शेवंती

असू शकतो, आणि आजच तिच्या डॉक्टरांना कळवा. माँटेलुकास्टने वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार येऊ शकतात. २०२० मध्ये एफडीएने त्यावर सर्वांत कडक इशारा घातला. नुसत्या नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी, दुसऱ्या औषधांनी भागत असेल तर, ते टाळावं असंही सांगितलं. तिला दमाही असेल तर पुढे काय द्यायचं हे डॉक्टर ठरवतील, पण कळवायला उशीर करू नका.


गोकर्ण

फोन केला. तूर्त थांबवायला सांगितलं आहे, उद्या भेटायला बोलावलंय. दमा नाही तिला.


पिंपळपान

शेवटचा प्रश्न. अ‍ॅलर्जीची त्वचेवरची चाचणी करायची आहे. खोकल्याचं सिरप चालू ठेवलं तर चालेल ना, गोळी तर बंद केली आहे?


पारिजातक

सिरपमागे काय लिहिलंय ते आधी वाचा. त्यात क्लोरफेनिरामाइन किंवा डायफेनहायड्रामाइन असेल तर तेही अँटिहिस्टामाइनच, आणि त्वचेवर उठायला हवी ती गांध उठणार नाही. चाचणी खोटी नकारात्मक येईल, म्हणजे अ‍ॅलर्जी असूनही नाही असं दाखवेल. अँटिहिस्टामाइन साधारण आठवडाभर आधी थांबवतात, पण नेमके दिवस जिथे चाचणी आहे तिथे फोन करून विचारा आणि बाटलीवरचे सगळे घटक त्यांना वाचून दाखवा. नाकातला स्टेरॉइड फवारा सहसा बंद करावा लागत नाही.


पिंपळपान

आहे, क्लोरफेनिरामाइन आहे. आजपासून बंद करतो आणि उद्या सकाळी त्यांना फोन करतो.